पंखा कोणी उलटा लावला

मला राग पटकन येतो आणि चूक उशिरा कळते. आमच्या शाळेत दोन्ही गोष्टी सगळ्यांना ठाऊक आहेत. पहिली मुलं एकमेकांना सांगतात, दुसरी शिक्षक. सोळा वर्षं विज्ञान शिकवतेय, हिंगोलीहून सिद्धेश्वर धरणाच्या अंगाला असलेल्या गावात रोज एसटीनं अप-डाऊन करतेय, आणि इतक्या वर्षांत मी कुणाची माफी मागितल्याचं कुणाला आठवणार नाही. मला एकच आठवते, तीही लागू पडली नाही. सांगायची गोष्ट एवढीच, की मी चौदा वर्षांच्या एका पोरीवर खोटा आळ घेतला, तोही चारचौघांत, आणि तो अजून तिच्या माथ्यावरून उतरलेला नाही.

पोरगी नववीतली. तीन किलोमीटरवरच्या तांड्यावरून चालत यायची. घरी बंजारा बोली, शाळेत मराठी, आणि तोंड दोन्हीत सारखंच चालायचं. जूनमध्येच एकदा मी फळ्यावर समीकरण लिहीत होते, तर मागून आवाज आला, "मॅडम, उजव्या बाजूला ऑक्सिजन एक जास्त झाला."

मी मोजला. झाला होता. मी लाल. "बस खाली, मला दिसतंय," म्हटलं आणि पुसून टाकलं. पण खरं सांगते, त्या दिवशी घरी जाताना मला फार बरं वाटलं होतं. कुणीतरी माझा फळा वाचत होतं! बाकीची लेकरं फळा नुसता उतरवून घेतात. मी चुकून किराणा सामानाची यादी लिहिली तर तीही घेतील. हिला पटलं नाही की विचारल्याशिवाय राहवत नसे. ही खोड टिकली तर पोरगी कुठल्या कुठं जाईल, असं मी शिक्षकांच्या खोलीत बोललेही होते. ती खोड टिकायची की मोडायची, हे बरंचसं माझ्यावर होतं, आणि तेही मला कळत होतं.

आता विज्ञान प्रदर्शन. ते कसं चालतं हे शाळेत नोकरी केलेल्यांना सांगायला नको. प्रतिकृती शिक्षक बनवतात, मुलं पाठांतर करतात. थर्माकोल शिक्षकाचं, डोकं शिक्षकाचं, कागदावरचं भाषणही शिक्षकाचं. मुलानं हातात काठी धरायची आणि न अडखळता म्हणायचं. परीक्षकांनाही हे ठाऊक असतं, त्यांची हयात यातच गेलेली असते. त्या वर्षी मी विषय निवडला तरुण ताऱ्यांचा आणि त्यांच्या भोवतीच्या वायूच्या ढगांचा. का, तर मोबाइलवर एक चित्र पाहिलं. तांबूस ढग, मधोमध चार-दोन निळसर तारे, आणि खाली लिहिलेलं की हे तारे नुकतेच, याच ढगातून जन्मले आहेत. चित्र इतकं देखणं की मी तिथल्या तिथं ठरवलं. ठिबक सिंचन आणि 'पाणी वाचवा' बघून परीक्षकांचे डोळे विटले असतील, आपण आभाळच घेऊन जाऊ.

आणि बोलायला उभी करायची ती हीच. इथं आणखी एक लाज कबूल करते. तिची हुशारी हे एक कारण होतं. दुसरं असं, की तांड्यावरची पोरगी ताऱ्यांवर बोलतेय म्हटल्यावर परीक्षक विरघळतात. हे मी हेडसरांना याच शब्दांत म्हणाले. ते म्हणाले, "बराबर बोललात, मॅडम." मग आम्ही दोघं चहा प्यायलो.

ताऱ्यांबद्दल मला माहीत होतं किती? पुस्तकातला एक परिच्छेद. वायूचा ढग स्वतःच्याच वजनानं आकसत जातो, मधला गोळा तापतो, तारा पेटतो. इथपर्यंत खरं आहे. पुढचं मी वाचलंच नाही. ढग आत पडून तारा होतो, तर उरलेला ढगही तो आतच ओढत असणार, असं मनानंच ठरवलं आणि कागदावर लिहून टाकलं: 'तरुण तारा सभोवतालचा सर्व वायू गिळून मोठा होतो.' आमच्या या हळदीच्या मुलखात अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात, ते मी असं करून दाखवलं.

प्रतिकृती मात्र झकास झाली होती. आतून काळं रंगवलेलं मोठं खोकं, समोर काच, मधोमध निळा बल्ब. बल्बच्या मागं, शाळेतल्या एका बंद पडलेल्या कॉम्प्युटरमधून काढलेला लहानसा पंखा. ढग म्हणून कापूस पिंजून पसरलेला, कुठं नुसता ठेवलेला, कुठं डिंकानं चिकटवलेला. खालून उदबत्तीचा धूर सोडला की पंखा तो बल्बकडे ओढायचा आणि मागच्या भोकातून बाहेर टाकायचा. समोरून बघणाऱ्याला वाटावं, तारा धूर पितोय. मीच पाच-सहा वेळा चालू करून बघितलं, इतकं ते मला आवडलं होतं.

प्रदर्शनाला चार दिवस होते. जेवणाच्या सुट्टीनंतर प्रयोगशाळेत गेले तर आमच्या नववीतल्या बाईसाहेब खोक्याचा पंखा काढून उलटा बसवत होत्या.

"काय चाललंय हे?"

"मॅडम, फिरवून बघून राहिले." घाबरली नव्हती, डोळे नुसते चमकत होते. "त्या चित्रात बघा ना. चांदणीच्या आजूबाजूला मोकळं हाय आन कडंला सगळा ढीग साचलाय. तिनं गिळलं असतं तर जवळ दाट आन लांब पातळ दिसाया पायजे व्हतं न्हाई का? खळ्यात पंखा लावला की भूस कसं कडंला जाऊन बसतं, तसं दिसून राहिलं ते."

आणि तिनं बटण दाबलं. सुटा कापूस बल्बपासून उडाला आणि खोक्याच्या चारी कडांना जाऊन बसला. मधे छान पोकळी झाली. डिंकानं चिकटवलेले पुंजके तेवढे जागेवर राहिले, पण त्यांचे धागे मागं ओढले गेले. "बघा, चित्रात पन असे खांब हाईत," ती म्हणाली. "टोक चांदणीकडं, शेपूट मागं. जे घट हाय ते टिकलं, बाकीचं उडालं."

मला दिसलं. नंतर मी स्वतःची शंभर प्रकारे समजूत काढली की घाईत होते, नीट पाहिलं नाही, पण तसं काही नाही. मला त्याच वेळी, तिच्याइतकंच स्वच्छ दिसलं. पण तक्ता हिंगोलीच्या पेंटरकडून रंगवून आला होता. भाषण तिचं पाठ झालं होतं. आणि मुख्य म्हणजे, इतकी वर्षं शिकवणाऱ्या बाईला नववीतली पोर खळ्यातल्या भुसावरून आभाळ समजावून सांगत होती! माझं टाळकं सणकलं.

"उचलली जीभ, लावली टाळ्याला! तुझ्या खळ्यातला पंखा आणि आभाळातला तारा एकच का गं?"

"एक न्हाई मॅडम, पन..."

"पन नाही आणि बिन नाही. शिकवतं कोण, तू का मी? कागदावर आहे तेवढं म्हण. शहाणपणा घरी ठेवून येत जा."

मी पेचकस घेतला आणि पंखा पुन्हा माझ्या बाजूनं बसवला. ती शेजारी उभी राहून हातात स्क्रू धरत होती. मी हात पुढं केला की एकेक द्यायची. स्क्रू संपले तेव्हा म्हणाली, "झालं का, मॅडम?" आणि वर्गात निघून गेली.

प्रदर्शनासाठी हिंगोलीला निघालो तेव्हा एसटीत खोकं माझ्या मांडीवर, काठी तिच्या हातात. कंडक्टर रोजच्या ओळखीचा. म्हणाला, "मॅडम, कोंबड्या हाईत का आत?" मी म्हटलं, "तारा आहे." तो म्हणाला, "नुकता जलमला असंल तर फुकट, न्हाईतर हाफ लागंल." सगळी बस हसली. पोरगी खिडकीकडं तोंड करून ओठ हलवत होती. माझं भाषण म्हणत होती.

परीक्षक कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारे, पिकलेल्या केसांचे, हळू आवाजाचे गृहस्थ होते. आमच्या टेबलाभोवती हेडसर, दोन-तीन शाळांचे शिक्षक, बघायला आलेली पोरं. तिनं सुरुवात सुरेख केली. ढग, आकसणं, तापणं, पेटणं, एका शब्दाला अडखळली नाही. धूर सोडला, पंखा चालू केला, तारा धूर प्यायला लागला. परीक्षक वाकून बघत राहिले.

"बाळ, तारा पेटल्यावर भोवतीच्या वायूचं काय होतं?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. प्रश्न पुन्हा विचारावा लागेल इतका वेळ पाहिलं. तिला खरं काय ते ठाऊक होतं आणि मी हो म्हणण्याचीच ती वाट बघत होती. मी नुसती मान हलवली असती तरी तिनं हसत हसत तो पंखा तिथंच फिरवून दाखवला असता. मी डोळे वटारले.

"तरुण तारा सभोवतालचा सर्व वायू गिळून मोठा होतो," ती म्हणाली.

"हे चूक आहे, बाळ. आणि हा पंखाही उलटा लागलाय. कोणी लावला?"

तिनं काठी टेबलावर ठेवली. हेडसर माझ्याकडं बघायला लागले, बाजूच्या शाळेची एक बाई तोंडाला रुमाल लावून हसली. माझ्या कानशिलात रक्त चढलं. आणि मग माझ्या तोंडून जे निघालं ते लिहितानाही हात जड होतोय.

"सर, मी हिला बरोबर सांगितलं होतं. पण ही ऐकेल तर ना! पंखा हिनंच परस्पर काढून उलटा लावला. भाषणातही स्वतःचं घुसडलं."

इतकं सफाईदार. जणू आठवडाभर पाठ केलं होतं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्या मारायला मला श्वास घ्यायलाही थांबावं लागलं नाही.

परीक्षकांनी तिला विचारलं, "हो का गं?"

"व्हय सर," ती म्हणाली. "माझंच चुकलं."

भला माणूस. रागावले नाहीत. तिला तिथंच नीट समजावून सांगितलं, की तारा पेटला की त्याचा प्रखर प्रकाश आणि त्याच्यातून सुटणारा वारा भोवतीचा वायू तापवतो, बाहेर ढकलतो, मधे पोकळी पडते, कडेला वायू दाबला जातो. ती मान हलवत ऐकत होती, जसं काही पहिल्यांदाच कानावर पडतंय. नंबर आला नाही हे सांगायला नकोच. तिला गावी सोडायला परत निघालो, तर एसटीत ती एकच वाक्य बोलली, "मॅडम, खोकं मी घेऊ का? तुमचे पाय दुखत असतील."

त्यानंतर मी ताऱ्यांबद्दल खरोखर वाचलं. आधी वाचायला हवं होतं, ते नंतर, स्वतःला शिक्षा केल्यासारखं वाचलं. मोठ्या तरुण ताऱ्याचा अतिनील प्रकाश आजूबाजूच्या वायूच्या अणूंमधून इलेक्ट्रॉन उखडून काढतो, वायू हजारो अंशांपर्यंत तापतो, फुगतो, बाहेर सरकतो. जे घट्ट आहे ते मागं राहतं, त्याच्या आडोशाला वायूचा खांब उरतो आणि त्याचं टोक ताऱ्याकडं असतं. पोकळीच्या कडेला दाबल्या गेलेल्या वायूत कुठं कुठं नवे तारे धरतात. दुसरीकडं तोच वायू इतका पांगतो की पुढं तिथं काहीच जन्मत नाही. एकच तारा दोन्ही करतो. पोरीनं यातलं निम्मं एका चित्रावरून आणि खळ्यातल्या भुसावरून ओळखलं होतं. कुणी म्हणेल, शिक्षकाचंही ताऱ्यासारखंच असतं. नको, ताऱ्याला त्यात ओढू नका. तारा खोटं बोलत नाही.

ती वर्गात गप्प झाली. रुसली नव्हती, उलट अगदी नमुनेदार विद्यार्थिनी झाली. हात वर नाही, प्रश्न नाही, वही स्वच्छ. इतर शिक्षक म्हणायला लागले, "पोरगी सुधारली हो, पहिलं लई तोंड चालायचं." जानेवारीत एकदा मी बहिर्वक्र भिंगाची आकृती काढताना किरण भलतीकडेच वळवला. तास संपेपर्यंत मला कळलं नाही. वह्या तपासायला घेतल्या तर हिच्या वहीत तोच किरण, पट्टीनं, पेन्सिलीनं, सुबक. मी बोलावलं.

"तुला हे चुकलेलं कळलं नाही का गं?"

"कळलं, मॅडम."

"मग काहून नाही बोललीस?"

"फळ्यावर व्हतं ना," ती म्हणाली.

त्या दिवशी मला घरी जेवण गेलं नाही. ठरवलं, माफी मागायची. रविवारी तांड्यावर गेले. हळद शिजवायचे दिवस, सगळीकडं वाफेचा उग्र वास, ताडपत्रीवर शिजलेली हळद पसरलेली. पोरगी कुठंतरी पाण्याला गेली होती. तिची आई हात पुसत धावत आली, बाज टाकली, आणि मी तोंड उघडायच्या आतच तिनं माझे पाय धरले.

"मॅडम, माफी करा. पोरीनं तुमाला मान खाली घालाया लावली. इतकी तकलीफ घेऊन तुमी शिकवलं आन हिनं पंखा उलटा लावला. मी लई बोलले तिला. तिच्या बापानं दोन दिस तिच्याशी बोलणं टाकलं व्हतं."

म्हणजे घरीही तिनं तेच सांगितलं होतं! मी "अहो, उठा, उठा," म्हणत राहिले. खरं काय ते सांगायला यापेक्षा चांगली वेळ कुठली असणार? ती माउली माझ्या पायाशी बसली होती. मी म्हटलं, "जाऊ द्या हो, लहान आहे." असं म्हटलं मी! चहा प्यायले. निघताना त्यांनी पिशवीभर ओली हळद दिली, तीही घेतली. पोरगी परत येण्याआधीच तिथून निघाले.

मार्चमध्ये, परीक्षेच्या आधीच्या शेवटच्या तासाला, हिय्या केला. पुस्तक मिटलं आणि पन्नास पोरांसमोर म्हटलं, "मला एक सांगायचंय. प्रदर्शनात पंखा उलटा मी लावला होता. ही मला बरोबर सांगत होती, मी ऐकलं नाही. आणि परीक्षकांसमोर मी खोटं बोलले. चूक माझी होती. मी हिची माफी मागते."

छातीवरचा धोंडा उतरायला लागला होता. तेवढ्यात ती उठून उभी राहिली.

"न्हाई मॅडम," ती म्हणाली. शांत, स्पष्ट, पाठ केलेलं म्हणावं तसं. "तुमी बराबर सांगितलं व्हतं. पंखा मीच फिरवला. माझंच चुकलं."

वर्गानं एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि विश्वास तिच्यावर ठेवला. पुढच्या बाकावरची एक पोरगी डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "मॅडम, तुमी किती चांगल्या हाव." तास संपल्यावर मी हिला व्हरांड्यात गाठलं. जवळजवळ ओरडलेच, "काहून असं केलंस? मी खरं सांगत होते!"

ती पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत होती. "मॅडम, घरी मी तेच सांगितलंय. त्या सरांना पन तेच सांगितलं. आता तुमी येगळं सांगाल तर आई म्हणल, इतके दिस खोटं बोलली. मी खोटी पडंल ना." मग म्हणाली, "राहू द्या की आता. मला सवय झाली."

दुसऱ्या दिवशी परिपाठाला हेडसर माइकवर आले. वर्गातली गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली होती. म्हणाले, शिक्षक कसा असावा, तर आपल्या मॅडमसारखा. विद्यार्थिनीची चूक झाली, शाळेचं नाव गेलं, पण पोरीला कमीपणा वाटू नये म्हणून मॅडमनी सगळ्या वर्गासमोर ती चूक स्वतःच्या अंगावर घेतली. एवढं मोठं मन! टाळ्या कडाडल्या. हेडसरांनी माइक माझ्या हातात दिला, म्हणाले, "मॅडम, दोन शब्द."

ती नववीच्या रांगेत पाचवी उभी होती. तिनंच नको म्हटलं होतं, म्हणून मी खरं बोलले नाही, असं मी आजवर स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. माइक हातात होता तेव्हा मला तिची आठवणही नव्हती. त्या टाळ्या मला गोड लागत होत्या.

मी म्हटलं, "धन्यवाद." पुन्हा टाळ्या झाल्या. तिनंही वाजवल्या.